एक जूनची माणसं

परभणी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. शिवप्रसाद यास,
अक्काचे आशीर्वाद.

मेलवर कुणी आशीर्वाद लिहितं का, म्हणून हसू नकोस. फोनवर तुझं अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं समोरच्या पडद्याकडे असतं. मी काहीही सांगितलं तरी तिकडून "हो अक्का, हो अक्का" एवढंच ऐकू येतं. शिवाय काउंटरवर आम्हाला फोन ड्रॉवरमध्ये ठेवावा लागतो. दिवसभर मराठीत टाइप करून बोटांना सवय झालीच आहे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसले.

रविवारी तू आमच्या डायलिसिस केंद्राचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेलास, त्याचा पराक्रम ऐक. सोमवारी सकाळी मशीन उघडलं तर सगळ्या पेशंटांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. गीताबाई काय आणि मुंजाजी काय, सगळे एका माळेचे मणी. एका म्हाताऱ्याला मी म्हटलं, बाबा, तुमच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आलीत. तर म्हणतो, "त्यात नवं काय हाय? आमचं असंच असतंय." दुपारपर्यंत तुमच्या माणसानं ते दुरुस्त केलं. आता पडदा झरझर उघडतो, हे कबूल करते.

पण एक अडचण आहे. आमची पद्धत तुला माहीत आहे. बारा वर्षं ट्रस्टची किडनीची शिबिरं गावोगाव होतात आणि तपासलेला प्रत्येक माणूस तुमच्या त्या डेटाबेसात जातो. शिबिराच्या डॉक्टरांनी ज्याला डायलिसिस लिहून दिलं, त्याला ते आमच्याकडे मोफत मिळतं. कार्ड पहिल्या खेपेला इथेच करून देतो. माणूस आला की मी तालुका आणि जन्मतारीख टाकून त्याला शोधते. नावानं शोधण्यात अर्थ नसतो, कारण एकच माणूस एका शिबिरात सटवाजी असतो, दुसऱ्यात सटवा आणि तिसऱ्यात नुसताच एस. पी.

सोमवारपासून कधीमधी काय होतं, पडद्यावरचं चाक अर्धा मिनिट गरागरा फिरतं आणि मग अक्षरं येतात, 'नोंद सापडली नाही'. परवा राणीसावरगावचे सटवाजी म्हणून एक जण आले, मेंढरं राखणारे. सोबत बायको, कासाबाई. नांदेडला दोनदा डायलिसिस झालेलं, पुढचं आमच्याकडे करायचं होतं. नोंद नाही. बाई म्हणाली, "शिबिरात लिवून घेतलंय की, माझ्या म्होरं." तिनं सांगितलेली तारीख मी पुन्हा टाकली, पुन्हा तेच. मग मी विचारलं, ही तारीख खरी आहे ना? तर म्हणाली, "खरी कुणाला म्हाईत, बाई? मास्तरनं लिवलेली हाय. सासू म्हणायची, ज्वारी काढायला लागली व्हती तवा झालेत."

मी तरी काय करणार? गंगाखेडच्या शिबिराच्या डॉक्टरांचा कागद आणा, म्हटलं. ते डॉक्टर तिथे फक्त सोमवारी बसतात. माणूस चालत आला होता, चालत गेला, त्यामुळे घाई वाटली नाही.

आमचे व्यवस्थापक बन्सीधरराव म्हणतात, लोक शिबिरात नुसते फिरून येतात आणि नोंद झाली म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. एकदा बघशील का?

आई मजेत आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि तोच गुडघा घेऊन रोज देवळात जाते. ऋतिकाला पापा.

तुझी,
अक्का

---

पुणे,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,
सा. न.

प्रश्नचिन्हांबद्दल त्या बाबांची माफी माग. जुन्या मशीनवर देवनागरी एका रीतीनं साठवली होती आणि नवी आवृत्ती ती दुसऱ्या रीतीनं वाचत होती. दोन ओळींचं काम होतं. अपग्रेडनंतर असे बारीकसारीक एरर येतातच, ते धरून चाललेलं असतं.

शोधण्याचं म्हणशील तर ते मी स्वतः तपासलंय. माझी जन्मतारीख टाकली, ऋतिकाची टाकली, ऑफिसातल्या दहा जणांच्या टाकल्या. त्या तारखांची परभणी जिल्ह्यातली माणसं डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. आधीपेक्षा दुपटीनं वेगवान. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं, आईला सांग.

चाक फिरतं ते तुमच्या नेटमुळे असणार. आणि जो माणूस नोंदलेलाच नाही त्याला यंत्र कुठून आणील? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुला वाईट वाटतं, कारण तू प्रत्येकाशी नातं जोडून बसतेस. बन्सीधरराव म्हणतात त्यात थोडंफार तथ्य असेल.

या आठवड्यात दुसऱ्या एका मोठ्या ग्राहकाचं अपग्रेड आहे. ते उरकलं की तुमच्याकडे नजर टाकतो. नेटवाल्याला बोलवून घे तोवर.

ऋतिका आता आत्याला व्हिडिओ कॉलवर कविता म्हणून दाखवणार आहे. ऐकायची तयारी ठेव, फार लांब आहे.

तुझा,
शिवा

---

परभणी,
१७ फेब्रुवारी २०२५

शिवा,

नेट ठीक आहे. माणूस येऊन तपासून गेला.

आडात आहेत आणि पोहऱ्यात येत नाहीत. चुडाव्याच्या एका शेतकऱ्यानं शिबिरात डॉक्टरांसोबत काढलेला फोटो मोबाइलवर दाखवला, तरी नोंद नाही. मानवतच्या गीताबाईंना जानेवारीपर्यंत मीच याच मशीनवर शोधत होते, आता त्या नाहीत. शनिवारी सेलूकडचे एक जण तसेच परत गेले. या तिघांचे तालुके आणि जन्मतारखा खाली दिल्या आहेत. राणीसावरगावच्या सटवाजींचीही दिली आहे.

आज बघ. दुसऱ्याचं काम नंतर कर.

प्रियंका

---

पुणे,
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

सापडलं. तू पाठवलेल्या चार तारखा एकाखाली एक लावल्या आणि डोक्यात उजेड पडला. वर्षं चार वेगळी, पण चौघांचाही जन्म १ जूनचा.

तुझाही १ जूनच ना? आपल्याकडे घरी जन्मलेल्या पोराची तारीख कुणाच्या लक्षात असते? शाळेत घालताना मास्तर अंदाजानं वर्ष धरणार आणि पुढे १ जून लिहून मोकळे होणार, म्हणजे जूनमध्ये शाळेत घ्यायला वय बरोबर बसतं. निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस एका दिवशी. मी दवाखान्यात जन्मलो म्हणून सुटलो.

आता यंत्राचं ऐक. डेटाबेस शोधायला निघण्याआधी मनाशी रस्ता ठरवतो. त्यासाठी त्याच्याजवळ अंदाज लिहून ठेवलेले असतात, की कुठल्या तारखेची माणसं किती आणि कुठल्या तालुक्यातली किती. जुन्या आवृत्तीला ठाऊक होतं की १ जूनला खच्चून गर्दी आहे, त्यामुळे ती तारीख आली की डेटाबेस आधी तालुका आणि शिबिर बघायचा. आवृत्ती बदलली की ते अंदाज पुसले जातात आणि पुन्हा गोळा करावे लागतात. ते गोळा करताना जरा कमी पडले असावेत. नव्या आवृत्तीनं गृहीत धरलं की वर्षातल्या प्रत्येक दिवशी सारखीच माणसं जन्मतात.

मग १ जून आली की ती सरळ तारखेच्या वाटेनं जाते आणि त्या दिवशीच्या एकेका माणसाचे सगळे जुने रिपोर्ट उघडत बसते. पुण्यात 'मुंजाजी' म्हणून हाक मारली तर एखादा वळून बघेल. आपल्याकडे मारली तर अर्धी गल्ली उठून येते, तसं झालं. अर्ध्या मिनिटाची मर्यादा संपते आणि शोध मध्येच तुटतो. आणि आमच्या प्रोग्राममध्ये वेळ संपली काय आणि माणूस नसला काय, दोन्हीला एकच वाक्य ठेवलेलं होतं, 'नोंद सापडली नाही'.

मी सगळे अंदाज नव्यानं, पुरते गोळा केले. या शोधासाठी जुना चांगला रस्ता पक्का करून टाकला, म्हणजे यंत्राला आपल्या मनानं तो बदलता येणार नाही. ते वाक्यही बदललं. आता चौघेही क्षणात येतात. बन्सीधररावांना अहवाल पाठवला आहे. तू चिकाटी धरलीस म्हणून हे हाती लागलं, नाहीतर महिनोन्महिने कुणाला कळलं नसतं.

सटवाजींना निरोप पाठव, आता खुशाल या म्हणावं.

मागच्या पत्रात तू एकदाही चिडवलं नाहीस आणि खाली 'प्रियंका' लिहिलंस. नेटवाल्याचा एवढा राग आला होय?

तुझा,
शिवा

---

परभणी,
२४ फेब्रुवारी २०२५

शिवा,

सटवाजी गेले. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. लिहायला हात होईना म्हणून लिहिलं नाही.

सोमवारी, १० तारखेला, त्यांना गंगाखेडच्या डॉक्टरांचा कागद मिळाला. मंगळवारी पहाटे इकडे यायला निघण्याच्या तयारीत होते. धोतर नेसता नेसता खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ हरिओम तेराव्याच्या सामानासाठी परभणीला आला होता, तो केंद्रात येऊन कागद माझ्यासमोर ठेवून गेला. म्हणाला, "ह्यो आणायला सांगितला व्हता न्हवं तुमी. आणलाय." रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. तो म्हणाला, "वहिनी जेवंना. तिच्या डोक्यात बसलंय की तिच्यामुळंच झालं. म्हणती, त्या बाईनं तारीख खरी का म्हून इचारलं आन् मी न्हाई म्हणून बसले. गप बसले असते तर मशीननं काढून टाकलं नसतं."

शिवा, तो प्रश्न मी विचारला होता. विचारायची काही गरज नव्हती. नोंद त्याआधीच सापडलेली नव्हती. समोर माणूस उभा होता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. आता ती बाई घरात बसून स्वतःला खाते आहे आणि मी इथे लोकांच्या तारखा विचारते आहे.

त्यावर तुझ्या अहवालानं कळस केला. त्यात काय लिहिलंस आठवतं? 'कारण: १ जून या जन्मतारखेच्या नोंदींची असामान्य गर्दी.' बन्सीधररावांनी तो वाचला आणि शनिवारी दारावर पाटी लावली. 'ज्यांची जन्मतारीख १ जून अशी अंदाजे लिहिलेली आहे त्यांनी खऱ्या तारखेचा पुरावा आणावा. चुकीच्या तारखेमुळे गैरसोय झाल्यास केंद्र जबाबदार नाही.' खरी तारीख कुठून आणणार लोक? मी आणू का माझी? हरिओम त्याच दिवशी पुन्हा काही कागदासाठी आला तेव्हा त्यानं त्या पाटीचा फोटो काढला आणि घरी वहिनीला वाचून दाखवला, हे त्यानंच आज फोनवर सांगितलं. आता तिच्या मनातलं दारावरच लिहून टाकलंय.

मी बन्सीधररावांशी भांडले. ते म्हणाले, पुण्याच्या इंजिनिअरनं लेखी दिलंय, मी काय माझ्या मनानं लावली?

मला फार वाईट वाटतंय. आईला काही सांगितलेलं नाही.

अक्का

---

पुणे,
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

तुझं पत्र वाचून चार दिवस झाले. रोज उघडतो आणि बंद करतो.

तुझं पहिलं पत्र ६ तारखेचं. मी ८ ला उत्तर दिलं. ते ११ ला गेले. म्हणजे मी तुला आड आणि पोहरा शिकवत होतो तेव्हा ते जिवंत होते. त्याच दिवशी त्यांची तारीख मागून घेऊन एकदा तो शोध चालवला असता तर दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आणखी एक. अंदाज 'कमी पडले असावेत' असं मी तुला लिहिलं. ते आपोआप कमी पडले नव्हते. ते पुरते गोळा करायला वेळ लागतो आणि सोमवारी सकाळी केंद्र सुरू व्हायचं होतं, म्हणून मी थोडक्या नमुन्यावर भागवलं आणि तपासून पाहिलं ते माझ्यासारख्यांच्या, दवाखान्यात जन्मलेल्यांच्या तारखा टाकून. १ जून टाकून बघावी हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी मानवतचा असून.

अहवालाचं सांगतो. माझ्या पहिल्या मसुद्यात 'अपग्रेडनंतर' असा शब्द होता. साहेबांनी तो काढला. म्हणाले, जे खरं आहे तेच राहतंय ना, गर्दी आहेच ना त्या तारखेला? मी मान डोलावली. त्याची अशी पाटी होईल असं वाटलं नव्हतं. आता त्यांचं म्हणणं आहे की याबद्दल बाहेर कुणाशी लेखी बोलू नकोस.

तरी मी कासाबाईंसाठी चार ओळी लिहून पाठवतो. तू किंवा हरिओमनं त्यांना वाचून दाखवा. त्यात स्वच्छ लिहीन की त्यांच्या बोलण्यानं काही झालं नाही. एवढं तरी करू दे.

शिवा

---

परभणी,
३ मार्च २०२५

शिवा,

ओळी पाठवू नकोस. एक कागद आणा म्हणून सांगितलं, तो आणेपर्यंत नवरा गेला, त्या बाईला पुन्हा कागद दाखवायचा? ती ऐकून घेईल आणि मान डोलावील. आपली माणसं साहेबाच्या कागदापुढे मान डोलावतातच. तूही डोलावलीस.

ये. होळीनंतरच्या रविवारी ये. मी तुझ्यासोबत येते. मलाही एकटीनं जायचं धाडस होत नाही.

अक्का

---

पुणे,
१८ मार्च २०२५

प्रिय अक्का,

राणीसावरगावहून परत येताना गंगाखेडपासून परभणीपर्यंत मी मनात तेच उगाळत होतो. तू खिडकीतून बघत होतीस. तू तिथेच होतीस, सगळं ऐकलंस, तरी लिहितो, कारण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे मला कुणाला तरी सांगायचं आहे.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. कासाबाईंनी आपल्यासाठी अंगणात घोंगडं अंथरलं आणि सगळी वाक्यं गेली. वाटलं होतं रडतील, शिव्या देतील. त्यांनी हरिओमला चहाला दूध आणायला पाठवलं.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तारखेचं बोललात म्हणून काही झालेलं नाही. तुम्ही बोलायच्या आधीच यंत्र चुकलेलं होतं. ते यंत्र मी बसवलं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमी बसवलंतं?" मी हो म्हटलं. "मंग ते सापडंनात कामून?"

मी सांगितलं. अंदाज, रस्ता, गर्दी, जेवढं साधं करता येईल तेवढं करून सांगितलं. की १ जूनची माणसं लय होती आणि यंत्राला ते ठाऊक नव्हतं, ते ठाऊक करून देणं माझं काम होतं, ते आता केलंय, आता सगळे सापडतात. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मला वाटलं, पोचतंय. मनावरचं ओझं थोडं हलकं होतंय.

आणि मग त्यांनी विचारलं, "म्हंजी मास्तरनं दुसरी कोणची बी तारीख लिवली असती, तर सापडले असते?"

अक्का, मी 'हो' म्हणालो. तेच खरं होतं. २ जून असती तरी सापडले असते. नाही म्हणालो असतो तर त्यांना कधी कळलं नसतं, आणि त्या सुखानं जेवल्या असत्या. पण अहवालात एकदा खरं झाकून झालं होतं, पुन्हा जीभ रेटेना. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, "चहा घ्या, निवायलाय."

त्यांचं ओझं उतरवायला गेलो आणि माझ्याच हातानं त्यांच्या डोक्यावर पुन्हा ठेवून आलो. दोन दिवस ऑफिसात बसून तेच ऐकतो आहे.

काल मी अहवाल पुन्हा लिहिला. 'अपग्रेडनंतर अंदाज अपुरे गोळा केल्यामुळे आणि चुकीच्या संदेशामुळे' असं लिहून, खाली सही करून, बन्सीधररावांना आणि ट्रस्टला थेट पाठवला. साहेबांनी तुमच्या केंद्राचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नोकरी आहे अजून. नसती तरी आज फारसं काही वाटलं नसतं.

खरं सांग, मी हो म्हणालो ते चुकलं का?

शिवा

---

परभणी,
४ एप्रिल २०२५

चि. शिवास,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. तुझं चुकलं की बरोबर झालं, मला ठरवता येत नव्हतं आणि आजही पुरतं येत नाही.

तुझा नवा अहवाल बन्सीधररावांनी दोनदा वाचला. दुपारी स्वतः खुर्चीवर चढले आणि दारावरची पाटी काढली. जुन्या नोंदी तपासून, परत पाठवलेल्या सगळ्यांना त्यांनी फोन करवले. चुडाव्याचे ते शेतकरी आता दर बुधवारी येतात. गीताबाईही येतात, आणि मला अजून टोमणे मारतात की मी त्यांना महिनाभर मारून टाकलं होतं. मारू दे.

काल कासाबाई आल्या. सोबत लेक चंदा होती, तिला घेऊन एसटीनं आल्या होत्या. सकाळची गर्दी होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी बघितलं आणि पुढे बोलावलं, तर आल्या नाहीत. म्हणाल्या, "असू द्या, बाई. नंबरानं येते." नंबर आल्यावर काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा भाऊ म्हणला, आता सापडतेत. मला बगायचंय."

चंदा मागून म्हणत होती, आई, कशाला आता. मला काय करावं कळेना. शेवटी तालुका टाकला, १ जून टाकली, वर्ष टाकलं. बटण दाबलं आणि लगेच आले. नाव, गाव, शिबिर, डॉक्टरांनी लिहून दिलेलं डायलिसिस, सगळं. चाक फिरलंसुद्धा नाही.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांना वाचता येत नाही, पण शिबिरात काढलेला फोटो होता कोपऱ्यात. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हायेत की."

शिवा, मला तिथे रडू आलं.

मग त्यांनी विचारलं, "तारीख काय लिवली तितं?" मी सांगितलं, एक जून. म्हणाल्या, "मी सांगितली तीच न्हवं?" मी म्हटलं, तीच, मावशी. तुम्ही सांगितली तीच. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मीही दुसऱ्यांदा सांगितलं. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "आयक. मी खोटं न्हाई बोलले." चंदानं आईचा हात धरला. मला वाटतं, एवढंच ऐकायला त्या इतक्या लांब आल्या होत्या. तुझं खरं त्यांच्या कामाचं नव्हतं आणि माझं वाईट वाटणंही नव्हतं. आपण सांगितलं ते आणि तिथे लिहिलेलं ते एकच आहे, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. तू 'हो' म्हणाला नसतास तर तारखेची खात्री करायला त्या आल्या नसत्या, हेही खरं आहे. पण म्हणून ते बरोबर झालं असं मी म्हणत नाही. माणूस गेला तो गेलाच.

त्या वळल्या तेव्हा मी म्हटलं, मावशी, एक भरायचं राहिलंय. मयत झालेल्यांची नोंद बंद करावी लागते, नाहीतर त्यांच्या नावानं तपासणीची बोलावणी जात राहतात. बन्सीधरराव आठवडाभर मागे लागले होते आणि मी टाळत होते. हरिओमनं सांगितलेली तारीख माझ्याजवळ होती, पण मी त्यांनाच विचारली. त्यांनी महिना, वार, तारीख सगळं सांगितलं, कोंबडा आरवून गेला होता हेसुद्धा. मी टाइप करायला लागले तसा माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही तरी खरी लिवा."

मी लिहिली. त्यांना वाचून दाखवली. मग त्या एसटी स्टँडकडे गेल्या.

अक्का